गोसीखुर्दच्या वाटेवर

गेल्या वैशाखांत आमच्या वडील भगिनीनें, घरांतील सर्वांच्या आक्कानें, बहुत वर्षें मनांत ठेविलेली एक इच्छा बोलून दाखविली. तिचें सासरचें घर वैनगंगेच्या कांठीं होतें. गोसीखुर्दचें धरण झालें आणि तें घर गांवासकट जलाशयाखालीं गेलें. “घर नाहीं तर नाहीं, तें पाणी तरी एकदां दाखवा,” एवढेंच तिचें मागणें. ऐशीं वर्षांच्या माणसाच्या मागण्यास ‘पुढें पाहूं’ हें उत्तर देतां येत नाहीं. म्हणून आक्का, आमचा पुतण्या व आम्ही असे तिघे घरच्या जुन्या मोटारींतून नागपुराहून निघालों.

उमरेड मागें पडलें, मिरचीसाठीं प्रसिद्ध असलेलें भिवापूरही गेलें. तेथें रसासाठीं घटकाभर थांबलों होतों. तेथून पवनीकडे वळून दोन कोस जातों न जातों तोंच गाडीस आचके बसूं लागले, आणि एका ओसाड माळाजवळ ती निमूटपणें उभी राहिली. दुपारचे तीन वाजले होते. पुतण्यानें चावी फिरविली. यंत्र घरघरलें, पण पेटेना. सावलीस एक पळस, आणि आक्काजवळ तांब्याभर पाणी!

येथें आमचें जें वर्तन झालें तें लपवून ठेवणें बरें नव्हे. आम्हीं पुतण्यास ताडकन् म्हटलें, “बॅटरीकडे तुझें लक्ष नसतें. प्रवासाआधीं पाहावयास नको होतें?” तो “काका, बॅटरी तर—” एवढेंच बोलून गप्प राहिला. आम्ही मात्र “फिरव, आणखी फिरव” असा आग्रह करीत राहिलों, आणि चांगल्या बॅटरीची शक्ति त्या हट्टापायीं खर्चूं लागलों.

इतक्यांत पवनीकडून दुचाकीवर येणारा एक तरुण थांबला. तो गाड्या दुरुस्त करणाराच निघाला. आमचें म्हणणें ऐकून तो हंसला. “गुरुजी, चावी मारनं बंद करा पहिले. इंजिन जोरात फिरून राहिलं, म्हणजे बॅटरी चांगली हाये.”

माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्या तरुणानें हा ग्रंथ पाहिला नसेल; पण त्याची रीति तीच होती. गाडी कधीं बंद पडते, थंड असतां कीं तापल्यावर, हें त्यानें आधीं विचारिलें. पुतण्या म्हणाला, “सकाळीं पहिल्याच फेऱ्यांत सुरू होते. ऊन्ह चढल्यावर, विशेषतः थोडी थांबून पुन्हां निघाली कीं, असे आचके देते.” हें झालें पूर्वरूप. मग त्यानें टाकीचें झांकण उघडून पाहिलें. झांकणाचें वायुछिद्र बुजलें तर आंत पोकळी होऊन पेट्रोल पुढें सरत नाहीं. पण तसा आवाज झाला नाहीं. नंतर ठिणगी पाहिली. तापलेली कॉइल निकामी झाली तरी हेंच लक्षण दिसतें. ठिणगी निळी व सणसणीत होती. मग ठिणगीची तार दूर ठेवून त्यानें कार्बुरेटरकडील नळी सोडली व पंपाची हातदांडी दाबली. पेट्रोलऐवजीं बुडबुडे आले.

“पेट्रोल पाइपातच उकळून राहिलं,” तो म्हणाला.

संप्राप्ति अशी: जुन्या गाड्यांचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो, आणि तो टाकींतून पेट्रोल ओढून आणतो. ओढतांना नळींतील दाब कमी होतो, त्यामुळें तापलेलें पेट्रोल लवकर वाफ होतें; वाफ दबते, सुटते, पण पुढें ढकलली जात नाहीं. गाडी चालतांना वारा लागतो. उभी राहिली म्हणजे इंजिनाची सर्व धग नळींत शिरते. आजच्या गाड्यांत पंप टाकींतच असून पेट्रोल दाबाखालीं येतें, म्हणून तेथें हा विकार विरळा. त्या तापून बंद पडल्या तर पंपाचा रिले किंवा इंजिनाची गति ओळखणारा सेन्सर तपासावा लागतो.

नळी पुन्हां जोडून त्यानें आक्काच्या तांब्यांतील पाण्यानें फडकें भिजवून पंपावर ठेविलें. पंधरा मिनिटांनीं गाडी पहिल्याच चावीस सुरू झाली. हा उपशय! उपायानेंच रोगाची खातरी पटली. राहिलें मूळ निदान. रबरी नळी निसटून धुराच्या तापलेल्या नळाजवळ लोंबत होती. तिला धरणारी क्लिपच नव्हती. “हे खतरनाक हाये, आग लागू शकते,” असें बजावून त्यानें ती तारेनें दूर बांधली.

आम्ही पुतण्याच्या तोंडाकडे पाहूं शकलों नाहीं. ही क्लिप बसविण्याविषयीं त्यानें फाल्गुनांतच सुचविलें होतें, “एवढ्याशा पट्टीसाठीं पुन्हां खर्च कशास?” असें म्हणणारे आम्हीच. चाळीस वर्षें मुलांस हेतु आणि हेत्वाभास शिकविले, आणि वेळ आली तेव्हां हेत्वाभास आम्हांसच चिकटला. “चूक माझी रे,” एवढें म्हटलें. तो म्हणाला, “काका, चला, ऊन्ह उतरतंय.”

पवनीची जगन्नाथ टेकडी, जेथें १९६९-७० च्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, ती बाजूस ठेवून आम्ही धरणावर पोंचलों. २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधींच्या हस्तें याचें भूमिपूजन झालें. त्या वेळचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढें खर्च कित्येक पटींनीं वाढला. तेहतीस दरवाजे, आणि अडीच लक्ष हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प. ज्यांचीं शेतें भिजतात त्यांस हें वरदानच. ज्यांचीं घरें बुडालीं त्यांचा हिशेब निराळा.

आक्कानें सूर्यास्ताच्या उजेडांत पाण्याकडे बराच वेळ पाहिलें. कोठें काय होतें तें तिनें बोटानें दाखविलें: मारुतीचें देऊळ, चिंच, आणि मग नुसतेंच पाणी. तांब्यांत उरलेलें घोटभर पाणी तिनें त्या जलाशयांत सोडलें आणि म्हणाली, “चला. दिवस असतां गाडी थंड आहे ना?”

पुतण्यानें चावी फिरविली. या वेळीं आम्ही कांहीं बोललों नाहीं.