जासईला जायचे कसे?

उरण तालुक्यातल्या जासईला जायचे म्हणजे पूर्वी अर्धा दिवस मोडायचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदर गाठायचे, तेही भरती-ओहोटी बघून. कारण ओहोटीला तिथे लाँचच्या बुडाला गाळ लागतो. मग उरणहून एस.टी. नाही तर ठाण्या-पनवेलचा भला मोठा वळसा. १२ जानेवारी २०२४ पासून शिवडीहून निघणारा अटल सेतू सुरू झाला आणि हा सारा खटाटोप संपला. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर, पैकी साडेसोळा समुद्रावरून. मोटार असेल तर वीसेक मिनिटांत पैलतीर! पुलाची एक वाट जासईपाशीच उतरते.

‘मोटार असेल तर’ हे शब्द मी मुद्दाम घातले. या पुलावर फटफटीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. मोटारीला एका खेपेचे २५० रुपये पडतील असे सुरुवातीलाच ठरले होते. म्हणजे ज्यांच्या शिवारातून पूल उतरला, त्यांतल्या फटफटीवाल्याने मान वर करून तो नुसता पाहायचा. मोटारवाल्यांचीही मौज अशी, की पुलावर थांबायचे नाही. शिवडीच्या चिखलात उभे असलेले रोहित पक्षी बघावेत म्हणून कुणी गाडी थांबवू म्हणेल तर ते चालायचे नाही. पाखरांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्या बाजूला ध्वनिरोधक भिंतीही घातल्या आहेत. त्या घातल्या हे बरेच झाले.

दिवाळी उलटली की या खाडीकाठी रोहितांचे थवे उतरू लागतात. पुढे उरणच्या बाजूला पाणजे आणि भेंडखळच्या पाणथळींत शेकाट्या, बगळे, तुतवार अशी मंडळी दिसतात. पाणथळीचे गणित अगदी साधे आहे. भरतीचे पाणी आत यावे, ओहोटीला बाहेर जावे, मागे चिखल उरावा. त्या चिखलातल्या किड्यांवर आणि शेवाळावर पाखरांचे पोट. पाणी येण्याची वाट भरावाने बुजली की बंदूक न उडवता पाखरे नाहीशी होतात. काही दिवसांनी तिथे कोरडे मैदान दिसते, आणि मैदान दिसले की माणसाला तिथे काहीतरी बांधावेसे वाटते.

सुखाने पोहोचता येऊ लागले की पोहोचण्याजोगे काय उरते, हा प्रश्न काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीवर, शेकडो तळ्यांचा एक रानटी मुलूख आहे. तिथे होडी वल्हवीत जायचे, तळे संपले की तीच होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पाण्यावर उतरणारी विमाने येऊ लागली. दिवसेंदिवस वल्ही मारून जिथे पोहोचायचे, तिथे मासे धरणारे शौकीन घटकाभरात उतरू लागले. अखेर १७ डिसेंबर १९४९ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढला : समुद्रसपाटीपासून ४००० फुटांखाली त्या मुलखावरून विमान न्यायचे नाही, संकटाची वेळ तेवढी वेगळी. विश्रामगृहांचे मालक कोर्टात गेले, पण हुकूम टिकला. मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. ‘येऊ नका’ असे त्या हुकमाने कोणालाच म्हटले नाही. ‘हळू या’ एवढेच म्हटले.

आपल्याकडेही जुहूहून पवना धरणाच्या पाण्यावर अशी विमाने २०१४ साली उतरली होती. ती हौस टिकली नाही. जासईच्या बाजूला विमाने मात्र आता टिकायलाच आली आहेत. उलव्याची टेकडी सुरुंगांनी उडवून आणि उलवा नदीचा ओघ वळवून नवा विमानतळ झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी ये-जा करीत आहेत. त्याला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २०२२ साली केला. दि. बा. या जासईचेच.

जासईत ‘हळू या’ हे शब्द तोंडातून निघायला जड जातात, ते इथेच. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथल्या परिसरातले शेतकरी रस्त्यावर आले आणि गोळीबारात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली, ती या लढ्याच्या पोटातून. त्याही आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, जवळच्या चिरनेरला लोकांनी जंगल सत्याग्रह केला आणि तिथेही गोळ्या चालल्या. सरकारने ‘राखीव’ म्हणून ज्यांना रानाबाहेर ठेवले होते, ती रानाकाठचीच माणसे होती. इथल्या लोकांना ‘निसर्ग राखायचा आहे, तुम्ही बाजूला व्हा’ हे वाक्य ऐकून माहीत आहे. ‘विकास करायचा आहे, तुम्ही बाजूला व्हा’ हेही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथे भेटले. कधीकाळी त्यांची मिठागराजवळ खारशेती होती. मी पाखरांचा विषय काढला तेव्हा ते हसले.

“मास्तर, तुमी पाखरां बगाया येता, आमी बांध बगाचो. बांध फुटला का भात ग्येला.”

मग थोड्या वेळाने म्हणाले, गेल्या पावसाळ्यात सून बाळंतपणात अडली. पूल होता म्हणून अपरात्री तिला मुंबईच्या इस्पितळात वेळेवर नेता आले. नातू आता रांगतो. त्या रांगत्या पोरासमोर पुलाला नावे ठेवण्याची माझी छाती नाही.

पण पूल हवा म्हणजे पुलाच्या टोकाशी असलेला प्रत्येक ओला तुकडा भरून काढलाच पाहिजे, हे कुठून निघाले? रुग्णाला रस्ता हवा. पाणथळीच्या ऐन कडेपर्यंत मोटार नेणे ही आपली, शहरातल्यांची, चैन आहे. रस्ता अर्धा कोस अलीकडे थांबवावा, पुढे बांधावरून चालावे आणि वाट दाखवण्याचे चार पैसे गावातल्या पोरांना मिळावेत. भरतीच्या पाण्याच्या उघाड्या मोकळ्या ठेवाव्यात. मिनेसोटात जे हुकमाने झाले, ते इथे गावाला विचारून करावे लागेल, आणि ते अधिक अवघड आहे.

जायचे असेल तर उरणची लोकल उत्तम. तीही पुलाच्याच दिवशी सुरू झाली. हौशी मंडळींनी मात्र भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरावी. भरतीचे वेळापत्रक आधी बघावे. खाऱ्या वाऱ्यात तासभर बसणे होते, आणि मधेच कोणीतरी ओळखीचे असल्यासारखे विचारते, “उरणला कोनाकरं?”