माईंना ठाऊक होते

मराठी माणसाला बरुआसागर हे नाव ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. झाशीहून खजुराहोकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे लहानसे गाव. ओर्च्याच्या उदितसिंह राजाने बांधवलेला विस्तीर्ण तलाव, त्याच्या काठी उंचवट्यावर उभा असलेला किल्ला, जवळच प्रतीहार काळातले जराईचा मठ म्हणून ओळखले जाणारे देऊळ, आणि भोवताली आल्याची व भाजीपाल्याची शेते. हिंदी चित्रपटांची गाणी लिहिणारे इंदीवर इथले, हे गावकरी अगत्याने सांगतात. १७४४ साली याच परिसरात मराठे आणि बुंदेले यांची लढाई झाली, हे मात्र कोणी आपण होऊन सांगत नाही. विचारले तर सांगतात. पुढे झाशीला नेवाळकरांची सुभेदारी आली. ते घराणे मूळचे रत्नागिरीकडच्या कोट गावचे. त्यांच्या आगेमागे दक्षिणेतून आलेली कुटुंबे बुंदेलखंडात रुजली, बुंदेली बोलू लागली, आणि देवघरात व भांडणात तेवढे मराठी राखून राहिली.

अशाच एका कुटुंबाची एक शाखा झाशीचा वाडा मोडल्यावर बरुआसागरला येऊन राहिली. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, त्यांचा मुलगा, आणि सून. सून सावंतवाडीकडची. झाशीच्या मराठी घरांत कोकणातून मुलगी येणे ही आता दुर्मीळ गोष्ट. त्यामुळे तिचे मालवणी हा या घरात प्रथम कौतुकाचा, नंतर थट्टेचा आणि शेवटी सवयीचा विषय झाला. दूरचित्रवाणीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हा मात्र ती एकदम घराची दुभाषी झाली. आकेरीचा तो वाडा, ती माड-पोफळी, तो पाऊस तिला शब्दांनी सांगावा लागत नव्हता. पडद्यावर दाखवता येत होता.

या मालिकेची रचना मोठी विलक्षण. २०१६ साली तिचे पहिले पर्व आले, तेच अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाले. घरचा कर्ता पुरुष गेला आहे, मुले-सुना जमल्या आहेत, आणि वाड्यातून एकेक जुने पाप वर येत आहे. ते पर्व संपले, आणि जानेवारी २०१९ मध्ये दुसरे आले ते काळाच्या उलट दिशेने. अण्णा जिवंत, शेवंता तरुण, आणि जे गुन्हे पूर्वी केवळ कुजबुजीतून कळले होते ते आता प्रत्यक्ष घडणार. म्हणजे ही पूर्वकथा. तिचा शेवट प्रेक्षकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तरीही दीड वर्षाहून अधिक काळ घरोघरी ती पाहिली गेली.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट माणसे का पाहतात, याचे उत्तर सूनबाईंनी आपल्या परीने दिले होते. सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार होतो तेव्हा राक्षस मरणार हे पोराटोरांनाही ठाऊक असते. पण काळ्या वेशातला संकासुर एकदा आला, त्याने मालवणीत दोन टवाळ्या केल्या, की पेंगणारी जत्रा उठून बसते. माधव अभ्यंकरांचे अण्णा हे असेच काहीसे झाले होते. दुष्ट, कामुक, दारूच्या आहारी गेलेला, माणसे मारणारा हा इसम महाराष्ट्राचा लाडका झाला. अपूर्वा नेमळेकरांच्या शेवंतावर तर चेष्टेच्या आणि कौतुकाच्या मजकुराचा पूर लोटला. गुन्हेगार हसरा आणि ऐटबाज असला की त्याच्या गुन्ह्याचे वजन कमी भरते. प्रेक्षक हा तराजू धरणारा फारसा विश्वासू माणूस नव्हे.

तथापि पूर्वकथेला स्वतःचा असा एक कायदा असतो. जी माणसे नंतरच्या काळात जिवंत दिसली आहेत, ती इथे अभय घेऊनच येतात. दत्ताला, माधवला, पांडूला काही होणार नाही. माई तर अण्णांच्या मागे राहणारच आहेत. धोका असतो तो ज्यांचा पुढच्या कथेत पत्ता नाही त्यांना. शेवंताचा नवरा पाटणकर अशांपैकी एक. तो साधाभोळा माणूस पडद्यावर आला की सूनबाई हळहळत, कारण अण्णांच्या वाटेत तो उभा होता आणि पुढे कुठेच नव्हता. म्हणून अशा कथेत प्रश्न ‘काय होणार’ हा राहतच नाही. जे वाचणार आहेत ते कसे वाचले आणि वाचल्यावर कसे जगले, हा प्रश्न उरतो. मारेकऱ्यावरची नजर हळूहळू साक्षीदारांकडे वळते.

अखेरचा भाग २९ ऑगस्ट २०२० च्या शनिवारी झाला. त्या वर्षी मार्चपासून चित्रीकरणे बंद होती आणि नवे भाग जुलैमध्ये पुन्हा सुरू झाले होते. गणपतीचे दिवस. बरुआसागरच्या या घरात मूर्ती बसली होती, पण आरतीला बाहेरचे कोणी नव्हते. उत्तर प्रदेशात त्या सुमारास शनिवार-रविवारी बाजारही बंद असत. पुण्याला शिकणारा नातू परत येऊन अडकून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दूर्वा निवडता निवडता चर्चा सुरू झाली. ग्वाल्हेरला दिलेली लेक दूरध्वनीवर होती आणि तिचा आवाज सर्वांना ऐकू येईल अशी व्यवस्था नातवाने केली होती.

ग्वाल्हेरच्या वन्संचे मत ठाम होते. शेवंता ज्या योग्यतेची होती तसाच तिचा शेवट झाला. दुसरीच्या संसारात पाय टाकला, वाडा हवा, मान हवा, मंगळसूत्र हवे. मग दुसरे काय व्हायचे? सूनबाईंना हे मान्य नव्हते. “वन्सं, तिला वाड्यात आणले कोणी? अण्णांनीच ना? मग पाप तेवढे तिचे कसे?” त्यावर वन्सं म्हणाल्या, “वहिनी, तू तुमच्याकडची म्हणून तिची बाजू घेतेस.” हा युक्तिवाद तर्काला धरून नव्हता, पण घरगुती चर्चेत तर्काला धरून असे थोडेच असते. नातवाला अण्णांचे आणि अभिनयाचे कौतुक. मुलगा वर्तमानपत्रामागे.

तेवढ्यात शेजारची बुंदेली बाई अंगणाच्या कडेला येऊन टेकली. तिला मराठी बोलता येत नसले तरी या घरात पंचवीस वर्षे ये-जा करून समजत सगळे होते. मालिकेचे कितीतरी भाग तिने याच खोलीत पाहिले होते. तिने विचारले ते भलतेच. शेवंता आणि अण्णा यांचे जे व्हायचे ते झाले. पण अम्माजी, त्या घरच्या मालकिणीला सगळे दिसत होते ना? तिने कोणाला सांगितले का नाही?

हा प्रश्न तिला सुचला याला कारण होते. बरुआसागर ओर्च्याच्या मुलखातले, आणि ओर्च्याचा हरदौल हा बुंदेलखंडाच्या गावोगावी चौथऱ्यावर बसलेला देव. लोककथा अशी की राजा जुझारसिंहाला आपला धाकटा भाऊ हरदौल आणि आपली राणी यांच्याविषयी संशय आला; निर्दोष असशील तर दिराला स्वतःच्या हाताने विष वाढ, असे त्याने राणीला फर्मावले. तिने ताट वाढले, पण ताटात काय आहे ते हरदौलला सांगितले. भावजयीच्या शीलासाठी त्याने ते जाणूनबुजून खाल्ले. आजही या भागात लग्नाचे पहिले निमंत्रण हरदौलला जाते. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर याही कथेला पूर्वकथा आहे: या दोघा भावांचा बाप वीरसिंहदेव, ज्याने १६०२ साली शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून अबुल फजलला ठार केले. ज्या घरात एका खुनाने राज्याची भरभराट झाली, त्याच घरात पुढच्या पिढीत विषाचे ताट वाढले गेले. हे चौथऱ्यावरच्या गाण्यात येत नाही. शेजारणीच्या मनात तरी राणीचा बचाव एवढाच होता की तिने सांगितले. वाढले, पण सांगून वाढले.

सूनबाई माईंची बाजू मांडू लागल्या. शकुंतला नरे यांनी उभ्या केलेल्या माई सोशिक, देवभोळ्या, मुलांसाठी झिजणाऱ्या. त्यांनी कोणाला सांगायचे होते? नवराच कर्ता, गाव त्याला भिऊन. माहेरी जायला वाट नाही. सांगितले असते तर मुले उघड्यावर पडली असती. हे सगळे खरेच होते, आणि तरीही शेजारणीच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. मालिकेनेही ते दिले नाही, असे म्हणावे लागेल. तिला भुते, करणी आणि शेवंताचा शृंगार यांतून सवड फार थोडी मिळाली. माईंच्या त्या गप्प बसण्यात केवढे नाट्य होते, याकडे तिचे अधूनमधूनच लक्ष गेले.

सासूबाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. हातातली दूर्वांची जुडी बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, “माईंना ठाऊक होते. आम्हालाही होते.”

झाशीच्या वाड्यात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. सासरे मोठे वजनदार गृहस्थ. त्यांची तसबीर याही घरात बैठकीच्या भिंतीवर होती आणि पितृपक्षात तिला हार पडत असे. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई राहत होती. सणावारी तिच्याकडे वाड्यातून ताट जाई. ताट सासू वाढीत, वरून विणलेला रुमाल घालीत, आणि नव्या सुनेच्या हाती देत. सुनेने ते दारात ठेवायचे, आदल्या खेपेचे रिकामे ताट घ्यायचे आणि परतायचे. त्या बाईला एक लहान मुलगी होती. ती दाराआडून पाहत असे. चार-पाच वर्षे हे चालले. मग एका दिवाळीला ताट वाढले गेले नाही. बाई विहिरीत पडली, असे वाड्यात सांगण्यात आले. पाय घसरला म्हणाले. मुलगी कुठे गेली ते कोणी म्हणाले नाही.

“सासूबाईंनी तिच्याकडचे शेवटचे ताट मला कल्हईला द्यायला सांगितले,” त्या म्हणाल्या. “मी दिले. विचारले नाही.”

दूरध्वनीवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ग्वाल्हेरहून आवाज आला, “आई, असे काही नव्हते. आजोबा तसे नव्हते. तू मालिका पाहून काहीतरी बोलते आहेस.” त्यावर सासूबाईंनी वाद घातला नाही. मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवले होते. तो साठीचा माणूस. आजोबांच्या मांडीवर वाढलेला. त्याने एवढेच विचारले की ती गल्ली कोणती. आईने सांगितली. ज्या आजोबांचा शेवट त्याने पाहिला होता, खांदा दिला होता, त्यांची पूर्वकथा त्याच्यापर्यंत आता, चाळीस वर्षांनी पोचत होती, आणि तिच्यातले एक पात्र समोर बसून दूर्वा निवडत होते.

त्या वर्षी पितृपक्ष चारच दिवसांवर आला होता. तसबिरीला हार पडला की नाही याविषयी घरात बोलणे झाले नाही. ग्वाल्हेरच्या लेकीचे दूरध्वनी काही आठवडे कमी झाले, मग पूर्ववत झाले. मार्च २०२१ मध्ये मालिकेचे तिसरे पर्व सुरू झाले आणि अण्णा-शेवंता मरणोत्तर परतले. सूनबाई ते पाहत. सासूबाई उठून आत जात. मेलेली माणसे परत येऊन भेवडावतात, यात त्यांना काही गोडी वाटली नाही.

नातवाला या प्रकारच्या कथांचा नाद होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकन मालिकेचा अखेरचा भाग पाहून तो भारावला होता. तीही पूर्वकथाच, ‘ब्रेकिंग बॅड’ या गुन्हेकथेत अवतरलेला एक लबाड वकील मुळात कसा घडला त्याची. तिच्यातली किम वेक्सलर ही स्त्री मूळ कथेत कुठेच नव्हती, म्हणून सहा पर्वे जगभरचे प्रेक्षक तिच्या जिवाची काळजी करत राहिले. ती मेली नाही. काही वर्षे दूरच्या गावी मुकाट्याने नोकरी करत राहिली, आणि मग एक दिवस जिच्या नवऱ्याच्या मृत्यूला आपण कारण झालो तिच्या दारी जाऊन तिने सगळे लिहून दिले. अखेरच्या भागात तो वकीलही न्यायालयात उभा राहून खरे बोलतो आणि सात वर्षांच्या जागी शहाऐंशी वर्षांची शिक्षा ओढवून घेतो. मित्रमंडळींत वाद होता तो याच शेवटावर: हा पश्चात्ताप की शेवटची ऐट? नातू दिवाळीत घरी आला तेव्हा आजीला हे सगळे सांगत बसला.

वकिलाच्या शिक्षेविषयी आजीने काही विचारले नाही. ती स्त्री मेलेल्याच्या बायकोकडे गेली, तिथे तिने त्याला थांबवले.

“लिहून नेले होते?”

“हो आजी. कागद पुढे ठेवले तिच्या.”

“आणि ती?”

“ती वाचत होती.”

सासूबाईंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला. नातवाने ते दृश्य शोधून दाखवले. भाषा कळत नव्हती. टेबलाशी बसलेल्या त्या दोन परक्या बायांकडे त्या टक लावून पाहत राहिल्या.

“किती पाने आहेत रे ती?” त्यांनी विचारले.