डावं कोणाचं, उजवं कोणाचं

‘यात पेट्रोल टाकता का?’ मामाचं रिमोटवालं हेलिकॉप्टर बघायला जमलेली पोरं हमखास विचारतात. नाही. याचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. मिथेनॉल विषारी असतं आणि पेटलं तर त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून टाकी भरताना मामा कुणाला जवळ येऊ देत नाही.

इंजिन साधारण 8 सीसीचं, वजन तीन किलोच्या वर. ग्लो प्लगला 1.5 व्होल्टची बॅटरी लावून आतली तार लाल करायची आणि स्टार्टर फिरवायचा. इंजिन सुरू झालं की बॅटरी काढली तरी मिथेनॉलमुळे ती प्लॅटिनमची तार तापलेलीच राहते. धूर पांढरा आणि भरपूर हवा. धूर आटला, आवाज चिरका झाला, की इंजिनाला इंधन कमी पडतंय. मामाला हे नुसतं ऐकून कळतं. पण दोन वर्षांपासून त्याचे हात थरथरतात. म्हणून रिमोट आता माझ्या हातात.

आधी दोन महिने कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. मग मशीनच्या पायांना आडव्या काड्या बांधल्या, कलंडू नये म्हणून. गोंदियाचं बिरसी विमानतळ आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे डिजिटल स्कायच्या नकाशात आपली जागा ग्रीन झोनमध्ये आहे ना, हेही बघून घेतलं. रविवारची मिस्सा आटोपली की धान कापलेल्या बांधीत जायचं. शेपटी माझ्याकडे ठेवून एका जागी तरंगत राहायचं, एवढाच धडा. आणि तोच सगळ्यात अवघड, कारण हेलिकॉप्टर आपणहून स्थिर राहत नाही. जर्मनीच्या डिटर श्लूटरने 1970 च्या सुमारास काबूत राहणारं मॉडेल उडवून दाखवलं, तेव्हा कुठे हा छंद रुजला.

पुढचा धडा म्हणजे नाक माझ्याकडे. आता त्याचं डावं ते माझं उजवं. बोटं गोंधळतात. मामा म्हणाला, ‘पोरी, तुझ्या जागेवरून नको चालवू. त्याच्या आत बसून बघ.’

घरी सगळे म्हणतात, हे विका, बॅटरीवालं घ्या. धूर नाही, तेल नाही, कटकट नाही. त्यांचंही खरंच आहे. पण मामाच्या जागी बसून बघितलं तर दिसतं, की बॅटरीवाल्या मशीनला त्याच्या कानांची गरजच उरणार नाही.

सध्या नाक माझ्याकडे ठेवून मला दहा सेकंद जमतात. मामा मागे उभा राहून इंजिन ऐकतो. मशीन उतरवलं की कार्ब्युरेटरची सुई किती फिरवायची ते तो सांगतो, मी फिरवते.