साड्यांच्या पेठेतून हळदी-कुंकू बदकाकडे

चिकपेट म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या रेशमी साड्या. लग्नाचा बस्ता बांधायला बंगळुरूला आलेल्या कुटुंबाचा एक अख्खा दिवस या गर्दीच्या गल्लीत सहज जातो. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे गाव. त्यामुळे मराठी कानावर पडले तर नवल नाही. खरेदी आटोपून एखादी सकाळ हाताशी उरलीच, तर मुलांना घेऊन जक्कूरच्या तळ्यावर जावे.

मेट्रोने एकच थांबा गेले की मॅजेस्टिक. तिथला प्रचंड बसतळ उभा आहे तो धर्मांबुधी तळ्याच्या पोटात! एके काळी पेठेची तहान भागवणारे हे तळे आटले, बुजले आणि त्यावर गाड्या धावू लागल्या. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम आले. बंगळुरूला मोठी नदी नाही. म्हणून जुन्या लोकांनी ओढ्यांना बांध घालून एकाखाली एक तळी बांधली. पुढे कावेरीचे पाणी नळाने घरात आले आणि तळ्यांकडे पाहायला कुणाला वेळ उरला नाही. बेळंदूर तळ्यात तर इतके सांडपाणी साचले, की २०१७ आणि २०१८ साली तिथल्या गवता-कचऱ्याने चक्क पेट घेतला.

उत्तरेला येलहंकेच्या वाटेवरचे जक्कूर मात्र सावरले. सुमारे १६० एकरांच्या या तळ्याच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आहे. तिथून निघालेले पाणी थेट तळ्यात पडत नाही. आधी पाणकणसांच्या दलदलीतून झिरपते. नायट्रेट, फॉस्फेटसारखा उरलासुरला मैला ही झाडे शोषून घेतात. इंग्लंडात शेवाळ कुजून बनलेल्या पीटच्या माळांवर जुने चर बुजवून पुन्हा ओल धरू देतात, त्यातलाच हा प्रकार. ओल टिकली की पाखरे आपणहून येतात.

आणि काय पाखरे! गळ्याखाली झोळी बाळगणारे पेलिकन, गुलाबी पिसांचे चित्रबलाक, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा पक्षी दिसला तर तो वारकरी. चोचीवर पिवळा आणि लाल रंग ल्यालेले बदक म्हणजे हळदी-कुंकू. हे नाव ज्या कुणी ठेवले त्याला दाद द्यावी. हिवाळ्यात पाणकणसांवरून संथ घिरट्या घालणारा दलदली भोवत्या पाहायला मिळणे हे नशीब.

ही दलदल मात्र दिसायला गबाळी असते. तळ्याची ‘सुधारणा’ म्हटली की काठ खोल खणायचे, भोवती फिरायला रस्ता करायचा, हीच पद्धत अनेक ठिकाणी पडली. अशा वाडग्यासारख्या तळ्यात घोटाभर पाण्यात चरणाऱ्या तुतारी पक्ष्यांनी उभे तरी कुठे राहायचे? अर्थात दलदलही वाऱ्यावर सोडून चालत नाही. पाणकणसे वेळच्या वेळी कापली नाहीत, तर ती कुजून शोषलेले सारे पाण्यात परत सोडतात. सुंदर काठापेक्षा हे कंटाळवाणे काम नेमाने होणे महत्त्वाचे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडताच पोचावे. दुर्बीण असल्यास उत्तम, भडक कपडे नकोत. जक्कूरचे पाणी पुढे राचेनहळ्ळीच्या तळ्यात उतरते. ऊन चढायच्या आत तेही पाहून होते.