पाण्याच्या घोटाला तारीख

2020 च्या नोव्हेंबरात तळोजा कारागृहातल्या एका कच्च्या कैद्याने मुंबईच्या विशेष न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. फादर स्टॅन स्वामी, वय 83, कंपवाताचे रुग्ण. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबरमध्ये रांचीहून आणलेले. अटकेच्या वेळी सिपर एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, घेतला, तो परत मिळावा, एवढंच म्हणणं. एनआयएने उत्तराला वीस दिवसांची मुदत मागितली. मुदत सरल्यावर उत्तर आलं, सिपर आमच्याकडे नाही. मग पुन्हा अर्ज, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं म्हणणं आणि पुढची तारीख.

वीस दिवसांत माणूस किती वेळा पाणी पितो, हे रोजनाम्यात लिहीत नाहीत. आमच्या अप्पांना हाच आजार होता. चहा आम्ही अर्धाच पेला ओतायचो. तरी पेला तोंडाशी पोचत नसे, अप्पाच मान वाकवून पेल्याकडे जात. स्टीलची कड दातांवर किणकिणे, हनुवटीवरून ओघळ सदऱ्यात उतरे आणि ते उगाच खिडकीबाहेर बघत. कुणी पेला धरायला पुढे झालं की चहा नकोच म्हणत. पुढे झाकणाचा, नळीचा पेला आणला आणि ते पुन्हा चारचौघांत बसून चहा पिऊ लागले. तहान भागणं वेगळं आणि आपल्या हाताने भागवणं वेगळं, हे मला त्या पेल्याने शिकवलं.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस, तळोजातच, याच प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा गेला. चोरीला गेला, असं घरच्यांचं म्हणणं. त्यांनी टपालाने नवा पाठवला, तो कारागृहातून परत आला. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. नागपूरच्या तुरुंगात, दुसऱ्याच एका खटल्यात, प्राध्यापक जी. एन. साईबाबा नव्वद टक्के अपंगत्व घेऊन चाकाच्या खुर्चीत, अंडा सेलमध्ये, म्हणजे एकांत कोठडीत. 2024 च्या मार्चमध्ये ते निर्दोष सुटले, ऑक्टोबरात गेले.

कायदा नव्हता असं नाही. 2016 चा अपंग हक्क कायदा होताच, राज्यघटनेचं जगण्याच्या हक्काचं एकविसावं कलम तर त्याआधीपासूनचं. 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या तुरुंगांना बजावलं, की कैदी दाखल होतानाच त्याच्या अपंगत्वाची नोंद घ्या, रॅम्प बांधा, त्याला वापरता येतील अशी स्वच्छतागृहं करा. वाचताना वाटतं, उंबरठ्यावरच एवढं विचारलं असतं, तर वकिलाला सिपरसाठी उभं राहावं लागलं नसतं.

सिपर शेवटी मिळाला. तोवर बराकीतल्यांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नव्हती. स्वामींनीच पत्रात लिहिलं होतं, सोबतचे कैदी अंघोळ घालतात, जेवायला मदत करतात. फार गरीब घरांतले दोघं कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. 5 जुलै 2021 ला, जामिनाची सुनावणी चालू असताना, वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले. तोवर ते कच्चे कैदीच होते.

त्या दोघांबद्दल वाचून जीव भरून येतो, आणि लगेच अस्वस्थही व्हायला होतं. शेजारच्या वळकटीवर भला माणूस असणं हा नशिबाचा भाग झाला. हक्क हवा तो ज्याच्या शेजारी तसं कुणीच नाही, त्याच्यासाठी.