मेलानोमाचा रिपोर्ट वाचताना

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो बहुधा उन्हाने भाजलेल्या कातडीवर उगवतो. भारतात मात्र तो तळपाय, तळहात आणि नखांखाली अधिक दिसतो, आणि तिथे उन्हाचा दोष नसतो. परतूरसारख्या शेतीच्या तालुक्यात तळव्यावरचा काळा डाग म्हणजे मोडलेला काटा किंवा कुरूप, असे समजून तो ब्लेडने तासला जातो. असा डाग वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील किंवा नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल, तर तो तासू नये, डागू नये; तपासणीला पाठवावा.

तपासणीसाठी काढलेला तुकडा कितीही लहान असला तरी तो फॉर्मालिनच्या बाटलीतच प्रयोगशाळेत जायला हवा. तिथे त्याच्या कडांना शाई लावतात, पातळ चकत्या पाडतात, त्या मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि ठोकळ्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट जे सांगतो ते या कापांवरून. वरवर खरवडलेल्या तुकड्यात गाठीचा तळच आलेला नसेल, तर खोलीच्या आकड्याआधी ‘किमान’ असे लिहावे लागते. हा शब्द नजरेतून सुटू नये.

रिपोर्टमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे ब्रेस्लो जाडी. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की गाठ कातडीवर किती पसरली यापेक्षा ती किती खोल गेली यावर रुग्णाचे भवितव्य अधिक अवलंबून असते. वरच्या त्वचेतील कणमय थरापासून सर्वांत खोल कर्कपेशीपर्यंतचे हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. त्यावरून गाठीचा टप्पा ठरतो: एक मिलिमीटरपर्यंत टी-१, दोनपर्यंत टी-२, चारपर्यंत टी-३ आणि त्यापुढे टी-४. ‘इन सिटू’ लिहिले असेल तर रोग वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. क्लार्क लेव्हल हे खोलीचे जुने मोजमाप. काही रिपोर्टांत ते अजूनही असते, पण टप्पा त्यावरून ठरत नाही.

जाडीखालोखाल पाहायचे ते अल्सरेशन, म्हणजे गाठीवरची त्वचा झडून व्रण पडला आहे का. व्रण असेल तर टप्प्यापुढे ‘बी’ लागतो. ०.८ ते १ मिलिमीटरची गाठ मात्र व्रणाशिवायही टी-१बी धरतात. दर चौरस मिलिमीटरला किती पेशी विभागताना दिसल्या, हा आकडा रोगाच्या वेगाचा अंदाज देतो. रक्तवाहिन्यांत किंवा मज्जातंतूंभोवती शिरकाव आणि मुख्य गाठीजवळची कर्कपेशींची सूक्ष्म बेटे याही धोक्याच्या नोंदी आहेत.

घरच्यांचा सर्वाधिक गोंधळ ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने होतो. एकाच रिपोर्टात त्याचे अर्थ वेगवेगळे असतात. एस-१००, एचएमबी-४५, मेलॅन-ए, सॉक्स-१० या पेशी ओळखण्याच्या चाचण्या पॉझिटिव्ह म्हणजे या पेशी रंगपेशींच्या कुळातल्या आहेत. निदानाला मिळालेला तो आधार, रोग वाढल्याची खूण नव्हे. मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे शाई लावलेल्या कडेपर्यंत कर्कपेशी आहेत. नोड पॉझिटिव्ह म्हणजे रोग लसिका गाठीपर्यंत पोचला आहे. म्हणून हा शब्द कशापुढे आला आहे, ते आधी पाहावे.

मार्जिन निगेटिव्ह आले म्हणजे शस्त्रक्रिया संपली, असेही नसते. सामान्यतः एक मिलिमीटरपर्यंतच्या गाठीभोवती एक सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड गाठीभोवती दोन सेंटिमीटर निरोगी कातडी पुन्हा काढतात. जाडी एक मिलिमीटरच्या वर असेल तर सेंटिनल नोडची, म्हणजे रोग जिथे आधी पोचू शकतो त्या लसिका गाठीची, तपासणी सुचवतात. टी-१बी मध्येही तिचा विचार होतो. तळपायाच्या मेलानोमात ही गाठ बहुधा जांघेत असते. रोग पुढे गेला असेल तर त्याच ठोकळ्यावर जनुकांची चाचणी होते. तळव्याच्या मेलानोमात बीआरएएफ जनुकातला बदल तुलनेने कमी आणि केआयटी जनुकातला अधिक आढळतो. त्यावरून औषध निवडता येते.

म्हणून रिपोर्टच्या कागदाइतकाच मेणाचा ठोकळाही मोलाचा आहे. परतूरहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जाताना रिपोर्टबरोबर ठोकळे आणि काचा मागून न्याव्यात. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा पाहतात. हा पहिल्या डॉक्टरवरचा अविश्वास नसतो, मेलानोमाच्या निदानातली ती आवश्यक पायरी आहे. रुग्णाने किंवा नातेवाइकाने पाच गोष्टी विचाराव्यात: जाडी किती, व्रण आहे का, मार्जिन कसे आहे, टप्पा कोणता, लसिका गाठ तपासायची का. या पाच उत्तरांवर पुढचा उपचार उभा राहतो.