एका उसाची दोन लेकरे

डॉक्टरांनी माझी साखर बंद केली, त्याच दिवशी मी गूळ सुरू केला. चहात गूळ, शिऱ्यात गूळ, दशमीत गूळ! साखर ती कारखान्यातली, पांढरी. गूळ हा शेतातला, सात्त्विक, असा माझा सरळ हिशेब. कचेरीतल्या दोघा-तिघा मधुमेही स्नेह्यांनाही मी या पंथाची दीक्षा देऊन टाकली होती. अशा थाटात गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर मी आक्काकडे इचलकरंजीला गेलो.

हातकणंगल्याला गाडीतून उतरून एस.टी. धरली. इचलकरंजी डोळ्यांना दिसण्याआधी कानांना भेटते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी धंद्याला पाठबळ दिले, आणि तेव्हापासून गाव खडखडतेच आहे. बाळकृष्णबुवांच्या ख्यालाने गाजलेल्या या गावात आता ताल सगळा धोट्याचा! पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री वीज गेली, माग थांबले, तर आक्काच दचकून उठली.

गाव कापडाचे, पण वेस ओलांडली की दोन्ही अंगांना ऊस. दाजींनी मला फटफटीवर बसवून पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर नेले. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण गुऱ्हाळे कमीच होत चालली आहेत. बराचसा ऊस साखर कारखान्यांकडे जातो.

चुलवाणात चिपाडे धडाडत होती. काहिलीत रस उकळत होता, त्यात चुन्याची निवळी पडली, रानभेंडीचा बुळबुळीत रस पडला. मळी वर आली की गुळव्या झाऱ्याने ती अलगद काढून टाकी. दोन-अडीच तास हे चालले. शेवटी त्याने पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली, मान हलवली आणि काहील उतरवली. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ! मी विचारले, बाजारातला गूळ असा तपकिरी का नसतो? गिऱ्हाइकाला पिवळाधमक लागतो, म्हणून कित्येक ठिकाणी हायड्रॉस घालतात, असे कळले. आमच्या घरी वर्षानुवर्षे रंग पाहूनच गूळ येतो, हे मी तिथे बोललो नाही.

पानावर गरम गूळ आला. तो संपवून काकवीकडे वळता वळता मी माझी गुळाची थोरवी सांगितली. गुळव्या हसू लागला.

"साखर सोडलीसा आन् गूळ खाताय व्हय? अवो सायेब, दोन्ही एकाच उसाची ल्येकरं. एक कारखान्यात जाऊन गोरं झालं, एक रानात ऱ्हाऊन काळं!"

मीही हसलो. घरी पोचल्यावर दाजींनी, स्वतः जुने मधुमेही असल्यामुळे, आपले यंत्र काढून माझ्या बोटाला सुई टोचली. आकडा आला 286. हसू तिथेच थांबले.

"शंभर ग्रॅम गुळात पासष्ट ते पंच्याऐंशी ग्रॅम साखरच असते," दाजी म्हणाले. "थोडे लोह, थोडे क्षार जास्त. रक्ताला त्याचे काय कौतुक?" तीन महिने मी दुसऱ्यांना काय सांगत होतो, हे आठवून मला जेवण गेले नाही.

सकाळी आक्काने परसातल्या कुंडीतली दोन पाने घालून चहा दिला. गोड होता! सुनेने दाजींसाठी आणलेली ही गोड तुळस, म्हणजे स्टीव्हिया. नावाची तुळस, गोत्र शेवंती-झेंडूचे, माहेर दक्षिण अमेरिकेतला पॅराग्वे. तिच्या पानातला शुद्ध अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड, आणि 2015 साली आपल्याकडे त्याला खाद्यपदार्थांत परवानगी मिळाली. पान चावून पाहिले. गोडी सावकाश येते आणि मागे किंचित कडसर रेंगाळते.

"याचा पाक होत नाही बघ," आक्का म्हणाली. "चहापुरती ठीक. अनारसे करायला बसलास तर पीठ तसंच राहील."

निघताना तिने मुलांसाठी गुळाची ढेप आणि माझ्यासाठी एक रोप बांधून दिले. एस.टी.त ढेप मांडीवर घेतली, कुंडी पायाशी ठेवली. घरी आल्यावर हिने ढेप फळीवर अगदी वर ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी, आणि मी त्या स्नेह्यांना फोन करायला बसलो.